काचेआडचं पोलीस ठाणं

त्या मालिकेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते.

मुलानं फोनवर शोधून दिली. म्हणाला, "आई, हीच ना तुझी ती पोलिसवाली?" हीच होती. तेच ठाणं, तीच मोडक्या पायाची खुर्ची, तोच पोटावर पट्टा न बसणारा ठाणेदार. पण त्यानं तोंड उघडलं आणि मी दचकलेच. माझ्या डोक्यात इतकी वर्षं त्याचा आवाज जाडाभरडा होता, आणि फोनमधून निघाला तो पिपाणीसारखा. मी आवाज बंद केला. मग मात्र पोट धरून हसले.

"आवाज बंद करून काय बघतेस?" मुलगा म्हणाला.

त्याला तोंडी सांगायला गेले तर मध्येच उठावं लागलं, म्हणून लिहायला बसले. आठवीत शाळा सोडलेली बाई मी. इथं लुधियान्यात शेजारपाजार सगळा पंजाबी. मराठी अक्षर काढून किती वर्षं झाली कोण जाणे. चुका होतील. लिहायच्या आधी दाराची कडी दोनदा पाहून आले, जसं काही शेठच येऊन उभा राहणार आहे. नाव कोणाचंच लिहिणार नाही. तेवढी भीती अजून आहे. पण राग लिहिणार आहे, आणि तो कमी करून लिहिणार नाही.

माझ्या माहेरी, राजपुऱ्यात, आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तो शेठच्या पुढच्या खोलीत. शेठचं घर आणि त्याचा कारखाना एकाच भिंतीचे. कारखान्यात चोवीस साचे. साचे म्हणजे पॉवरलूम, आमच्याकडे कोणी पॉवरलूम म्हणत नाही. ते दिवसभर असे खडखडायचे की गल्लीत उभ्या माणसाला शेजारच्याची हाक ऐकू येत नसे. शेठनं खिडकीला काच लावून घेतली होती. आवाज नको आणि कापसाची भुसभुस घरात नको. आत यायची आम्हाला बंदी. बाहेरून बघायला मात्र तो नाही म्हणायचा नाही. उलट खिडकीशी गर्दी झाली की त्याला बरं वाटायचं. पडदा स्वतःच्या हातानं बाजूला करायचा.

आता कोणी विचारेल, काच बंद, बाहेर चोवीस साचे, मग ऐकू काय यायचं? काही नाही. ऐकायची गरजच नव्हती. साच्यावर काम करणारा माणूस कानानं ऐकत नाही, डोळ्यानं ऐकतो. दोन ओळी पलीकडच्या माणसाला "तार तुटली" म्हणायचं तर नुसते ओठ हलवायचे, त्याला कळतं. आमच्या गल्लीत पाच वर्षांच्या पोरालाही ओठ वाचता यायचे. घरात भांडण व्हायचं ते सुद्धा अर्धं मुकं. माय रागावली की आवाज न काढता शिव्या द्यायची आणि आम्ही पाठ फिरवायचो. पाठ फिरवली की शिवी लागत नाही.

तर मालिका आम्ही ओठांवरून बघायचो. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला. त्याआधी एकात्मतेच्या जाहिराती लागायच्या. पगडीवाले, टोपीवाले, लुंगीवाले हातात हात घालून चालायचे. खिडकीबाहेर आमची एकात्मता त्याहून घट्ट होती, कारण गज अकरा आणि डोकी तीस. शेजारच्या मोमीन चाचांच्या खांद्यावर आमच्याच जातीतल्या कोणाचं तरी पोर बसलेलं असायचं आणि ते त्यांच्या टोपीवर शेंगदाण्याची सालं टाकायचं.

गोष्ट दर वेळी एकच. चोरी होते, ठाणेदार चुकीच्या माणसाला धरतो, कोठडीत टाकतो, कोठडीची किल्ली हरवतो. किल्ली शोधता शोधता खरा चोर सापडतो. मग ठाणेदार त्या बिचाऱ्याला बाहेर काढतो, स्वतःच्या खुर्चीत बसवतो, स्वतःच्या हातानं चहा देतो आणि टोपी काढून उभा राहतो. खुर्चीचा पाय मोडतो. संपलं. आम्ही हसून हसून एकमेकांवर पडायचो. दादा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या दिवशी कारखान्यात साच्यांच्या ओळीतून जाताना तो चहा द्यायचा अभिनय करायचे आणि चोवीस साच्यांवरचे लोक आवाज न करता हसायचे.

दादा शेठच्याच कारखान्यात जॉबर होते. साचा बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. गोदामाची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. त्या गोदामातून सुताच्या कोनांची एक बोरी, म्हणजे पोतं, चोरीला गेली.

मी शाळेतून येत होते. दुपारची वेळ. समोरून हवालदार येत होता आणि त्याच्या मुठीत दादांची कॉलर होती. दादांनी मला पाहिलं. त्यांनी फक्त ओठ हलवले, "घरी जा." मी गेले नाही. चौकीपर्यंत मागं मागं गेले. माझ्या वर्गातल्या चार मुली होत्या बरोबर, त्याही आल्या. एक म्हणाली, "अगं, हे तर टीव्हीसारखं झालं!" तिला मी अजून माफ केलेलं नाही. लहान होती, मला माहीत आहे. तरी नाही.

दादा चौकीच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसले. कोणी मारलं नाही. कोणी काही विचारलंही नाही. हवालदारानं त्यांच्यासमोर दोनदा चहा घेतला. मी वाट पाहत होते, आता तिसरा यांना देईल, टोपी काढेल. दिवस मावळताना म्हणाला, "जा, शेठला वाटलं तर परत बोलावू."

कागदावर काहीच लिहिलं नाही. चाचा पुढं होऊन म्हणाले, "साहेब, तक्रार तरी लिहा. खोटी ठरली तर खोडता येईल." हवालदार म्हणाला, "लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच आहे."

हेच तर. लिहिलंच नाही, तर खोडणार काय?

दादांना शेठनं काढलं. दुसऱ्या कारखान्यात गेले, तिसऱ्या, चौथ्या. "जागा नाही, भाऊ." जॉबरच्या हातात गोदामाची किल्ली द्यावी लागते, जो किल्लीवरून बदनाम झाला त्याला कोण ठेवणार? तुकईथड गावाकडे मावशीचं घर होतं, तिकडे केळीच्या बागांत घड वाहायला जायला लागले. पहाटेची बस, संध्याकाळची बस. केळीचा चीक सदऱ्याला लागला की काळा होतो आणि मग काही केल्या निघत नाही. जी बोटं साच्यातल्या धावत्या धोट्याची नस ओळखायची, ती काळी झाली. दादा खिडकीशी येईनासे झाले.

मी आठवीत होते. शेजारी मोमीन चाचांच्या घरी, चाचींकडे कांड्या भरायला बसले. सूत गुंडाळायचं काम, घरी बसून होतं. शाळेतल्या बाई एकदा घरी आल्या, मायला म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पाठवा." माय म्हणाली, "हुशार आहे म्हणूनच तर, बाई, दोन दिवसांत शिकली." बाई चहा न घेता गेल्या.

चाचींचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. कांडी भरता भरता त्यांनी मला आडवे ओठ वाचायला शिकवलं. समोरचा चेहरा कोणीही वाचतो. पण साच्यावर माणसं ओळीनं उभी असतात, तोंड बाजूला. चाची म्हणायच्या, "बेटी, होंठ मत देख, जबड़ा देख. और गला देख. आदमी होंठ से झूठ बोलता है, गले से नहीं." स्वतः रहाटावर बसून भिंतीकडे तोंड करून बोलायच्या आणि मला सांगायच्या, ओळख. चुकलं की कांडी डोक्यावर. प, ब, म तिन्ही सारखे दिसतात. बाकीच्या वाक्यावरून ताडायचं. महिन्याभरात मी त्यांची मान पाहून सांगू लागले की त्या सुनेला काय म्हणाल्या. सुनेला ते आवडलं नाही.

खिडकीशी मी जात राहिले. माय म्हणायची, "लाज नाही वाटत? त्याचाच टीव्ही पाहून राहिली." मी टीव्ही पाहत नव्हते. टीव्ही खोलीच्या उजव्या भिंतीला, शेठचा सोफा डाव्या भिंतीला. बाहेरून सोफ्यावरची माणसं आडवी दिसायची. शेठ, कधी हवालदार, आणि शेठचा साला, जो बहिणीकडे येऊन राहिलेला आणि कारखान्यात मुकादमासारखा हिंडणारा. मी शेठचा गळा बघायचे. काय शोधत होते? मला माहीत नव्हतं. नुसतं वाटायचं, एवढं बघत राहिले तर त्याचं काहीतरी वाईट होईल.

आणि एका आठवड्यात सापडलं. मालिकेत ठाणेदारानं एका दूधवाल्याला कोठडीत टाकलं होतं. सगळी गल्ली हसत होती. सोफ्यावर हवालदारही हसला. शेठ त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, "हे तर आपलंच झालं." हवालदार म्हणाला, "म्हणजे?" शेठ साल्याकडे मान करून म्हणाला, "बोरी आमच्या या रत्नानं विकली. काल कबूल झाला. आता गल्लीला काय तोंड दाखवू? राहू दे त्याच्याच नावावर." हवालदार म्हणाला, "कागदावर कुठं काय आहे!" आणि परत टीव्हीकडे वळला.

शेठ कधी साच्यांमध्ये उभा राहिलेला नव्हता. नाकाला रुमाल लावल्याशिवाय कारखान्यात पाय टाकत नसे. काच बंद, साचे चालू, म्हणजे आपलं बोलणं आपल्याच खोलीत. असं त्याला वाटायचं. ज्यांच्या जिवावर तो टीव्ही आला, त्यांना काय येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. याचा मला आजही फार आनंद होतो.

मी पळत घरी. दादा पाय धूत होते. सगळं सांगितलं. दादांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "समोरून पाहिलं का आडवं?"

"आडवं."

"मग कोण मानेल, पोरी? बापाची पोरगी आणि आडवं पाहिलेलं."

चाचींनी मात्र लगेच मानलं. रहाट थांबवून चाचांना हाक मारली. चाचा अजून शेठच्याच साच्यावर होते. त्यांनी मला दोनदा सगळं वदवून घेतलं, आवाज न काढता. मग म्हणाले, "एक आँख से कुछ नहीं होगा. तीस आँखें लगेंगी. अगले हफ़्ते फिर बुलवाना है उनके मुँह से."

"ते परत कशाला बोलतील?" माय म्हणाली.

"इसको देख के बोलेंगे," चाचा म्हणाले आणि दादांकडे बोट केलं.

दादा तयार होईनात. चार दिवस नाही म्हणत होते. म्हणाले, "मला तमाशा नको. मला काम पाहिजे." मी म्हणाले, "मला तमाशाच पाहिजे." मायनं माझ्या तोंडावर मारलं. मग रात्री कधीतरी तिनंच दादांचा पांढरा सदरा काढून, चीक न लागलेला, खुंटीला लावला. सकाळी दादांनी तो पाहिला आणि खुंटीवरच राहू दिला. त्या आठवड्यात पुढं ते बागेत गेले नाहीत.

ठरल्या दिवशी सुटलेल्या पाळीची सगळी माणसं खिडकीशी आली. रोजच्यासारखी, रोजच्यापेक्षा थोडी गप्प. मला आठवतं, त्या दिवशी पोरांना कोणी खांद्यावर घेतलं नाही. दादांना अगदी पुढं उभं केलं, गजांना नाक लागेल इतकं. मी त्यांच्या बगलेत. त्यांनी माझा हात धरला होता. जाहिरात संपली, मालिका लागली. ठाणेदार पट्टा ओढत होता. कोणीही तिकडे पाहत नव्हतं. आतल्यांना काय दिसलं असेल? तीस चेहरे काचेला, नेहमीसारखे.

शेठनं पाहिलं. त्याचा गळा हलला. "आला बघ. तोंड वर करून उभाय."

हवालदार म्हणाला, "येऊ दे. फुकटचा टीव्ही."

मग काही नाही. मिनिटं जात होती. मला वाटलं संपलं, हे बोलतच नाहीत. दादा परत वळायच्या बेतात होते, मी त्यांचा सदरा धरून ठेवला. आणि सोफ्याच्या कडेला बसलेला साला बशीतला चहा फुंकत फुंकत हसला. हसऱ्या माणसाचे ओठ वाचायला सगळ्यात सोपे, ते मोठे हलतात. म्हणाला, "जीजाजी, उसको भी एक चाय भिजवाओ. मेरी जगह बैठा था बेचारा."

तीस माणसांनी ते एकदम ऐकलं. माझ्या मागं कोणीतरी श्वास सोडला, तो मला मानेवर लागला.

आमच्याकडे एक रीत आहे. कारखान्यात कोणाच्या अंगावर धोटा उडाला, रक्त निघालं, की जो पाहील तो हात वर करतो आणि सगळे आपापला साचा थांबवतात. मालकाला विचारत नाहीत. चाचा कारखान्याच्या दारात उभे होते, खिडकी आणि साचे दोन्ही दिसतील असे. त्यांनी हात वर केला.

एक साचा थांबला. मग दुसरा. मग एकामागून एक, भिंतीकडून दाराकडे. मी जन्मल्यापासून त्या वेळेला ती गल्ली कधी शांत झाली नव्हती. कानात दडा बसल्यासारखं झालं. आणि त्या शांततेत खिडकीबाहेरचे लोक, जे इतका वेळ नुसते ओठ हलवून ते वाक्य एकमेकांना देत होते, ते आवाजात बोलू लागले. कोणी ठरवलं नव्हतं. "मेरी जगह बैठा था बेचारा." पुढचे, मागचे, चाची दारातून. "मेरी जगह बैठा था बेचारा." काचेतून ते आत गेलं. साल्याच्या हातातली बशी तशीच राहिली. आपलंच वाक्य त्याला बाहेरून परत येत होतं.

माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरतो ते मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं. पुन्हा पाहायला मिळालं तर पुन्हा पाहीन.

शेठ बाहेर आला. म्हणाला, "गैरसमज झाला." चाचा म्हणाले, "जोर से." शेठ म्हणाला, "बोरी यानं नेली नव्हती." चाचा म्हणाले, "किसने?" शेठनं साल्याचं नाव घेतलं. गल्लीत, सगळ्यांसमोर, साचे बंद असताना. दादांच्या हाताची पकड सैल झाली. त्यांचं समाधान तेवढ्यानं झालं होतं, मला कळलं. ते वळले, "चल."

माझं झालं नव्हतं. मी ओरडले, "त्याला पण न्या! जसं दादांना नेलं तसं न्या, दुपारचं न्या, कॉलर धरून!" बारक्या आवाजात, रडत रडत. मला वाटलं आता सगळे हसतील. चाचा हवालदाराला म्हणाले, "बच्ची ठीक कह रही है. जब तक ये उस बेंच पे नहीं बैठेगा, साँचा नहीं चलेगा." हवालदार घाम पुसत राहिला. तोही त्या काचेआड काय काय बोलला होता ते आता त्याला आठवत असणार. साहेबांपर्यंत गेलं तर टोपी त्याचीच जाणार होती.

दुसऱ्या दिवशी साल्याला नेलं. माझ्या शाळेच्या रस्त्यानं. कॉलर धरली नव्हती, पण नेलं. तो बाकावर बसला आणि मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर. कागद त्याच्याही नावाचा झाला नाही, ते मला माहीत होतं. संध्याकाळी सोडतील, हेही. आणि मी परत शाळेत जाणार नव्हते, एव्हाना घराला माझ्या कांड्यांच्या पैशांची सवय झाली होती. दादांचं नाव धुतलं गेलं. माझी आठवी गेली ती गेली. म्हणून मी बसले. दोघांमध्ये रस्ता होता, रिक्षा, बस, हातगाड्या, काही ऐकू येत नव्हतं. तो मला पाहून शिव्या देत होता, ओठांतल्या ओठांत, त्याला वाटलं मला कळत नाही. एकेक शिवी मी वाचली आणि प्रत्येकीला मान डोलावली. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं हातानं तोंड झाकलं आणि तसाच बसून राहिला. तहान लागली असेल. मी समोर बसून पाणी प्याले.

दुपारी दादा आले. केसांत, भुवयांत कापसाची भुसभुस. सकाळीच पलीकडच्या गल्लीतल्या कारखानदारानं माणूस पाठवून कामावर बोलावून घेतलं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत ते मला शोधत आले होते.

"घरी चल. माय वाट पाहते."

"तो उठेपर्यंत नाही."

मला वाटलं ओरडतील. इतके दिवस त्यांना तमाशा नको होता. त्यांनी बाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या शेजारी पायरीवर बसले, डबा उघडला, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि रस्त्यापलीकडे तोंड करून जेवायला लागले. त्या दिवशी दादा फार सावकाश जेवले.